पट्टीच्या मागे

दाऊद मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका चौकटीला रंधा मारत होतो. फोन त्याच्या लेकीचा, रूथचा, जळगावहून. सहा महिन्यांपूर्वीच तो धुळ्याचं घर बंद करून तिच्याकडे राहायला गेला होता. "एलियाकाका, पप्पा गेले," एवढंच बोलली. मी मुलाला, सुधीरला, हाक मारली आणि मिळेल त्या एसटीने निघालो. पारोळ्याला गाडी थांबली, सुधीर चहा घ्या म्हणाला, मी जागचा उठलो नाही. चाळीस वर्षांचा सोबती गेला होता माझा... माती देऊन होईपर्यंत मला तेवढंच दुःख होतं. दुसरं नंतर कळलं.

मी सुतार माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. मास्तर शिकलेला, सरकारी शाळेत शिकवायचा. रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं मंडळीच्या पोरांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबलची शाळा, घ्यायचो. तो गोष्टी सांगायचा, मी दाराशी बसून शिस्त बघायचो. तिथली फळी माझ्या डोक्यातून निघालेली. अस्सल सागाची, पोरांच्या उंचीला भिंतीवर ठोकलेली. तिच्यावर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका पोराच्या नावाची पट्टी. पट्ट्या मी करायचो, नावं मास्तर रंगवायचा, कारण माझं अक्षर वाकडं. जो खोटं बोलला, ज्याने मारामारी केली, वचन पाठ केलं नाही, त्याची पट्टी आठवडाभर उलटी. नाव भिंतीकडे, कोरं लाकूड समोर. मी पोरांना बजावून सांगायचो, "पट्टी उलटी म्हणजे देवाची तुमच्याकडे पाठ." मास्तरला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. आम्ही दोघंच असलो की तो आमच्या खान्देशीत बोलायचा. म्हणाला, "एलिया, तुनं लाकूड सरळ शे, तूच वाकडा शेस." दोन रविवार वाद घातला आणि मग म्हणाला, बरं, तू म्हणतोस तसं. त्या शब्दावर मी चाळीस वर्षं चाललो.

पहिल्या वर्षी पोरं फार रडायची. सुधीर तेव्हा नऊ वर्षांचा. शेजारच्यांच्या पेरूंबद्दल खोटं बोलला, म्हणून त्याचीही पट्टी मी मास्तरला फिरवायला लावली. माझा मुलगा म्हणून सूट नाही. तो जेवायला बसला की प्रार्थनेला डोळे मिटेना. मी दटावलं तर म्हणाला, "देवाची पाठ आहे तर बोलू कुणाशी?" मी म्हणालो, सुधार, मग तो तोंड फिरवील. त्याने ताट सरकवलं. हे मी मास्तरला सांगितलं होतं, मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. पुढे काही महिन्यांत पोरांचं रडणं थांबलं. पट्टी उलटी झाली की जवळ जाऊन बघायची आणि गुमान जागेवर येऊन बसायची. मंडळीच्या सभेत मी उभा राहून सांगितलं, "बघा, नियमाने पोरं घट्ट झाली." मास्तर माझ्या शेजारीच होता. चष्मा पुसत होता.

माती देऊन आल्यावर रूथच्या घरी चहा चालला होता. सुधीरच्या बरोबरीची आमचीच दोन-चार पोरं आलेली, आता सगळी लेकुरवाळी. फैजपूरला दिलेली मेरी रडता रडता हसली. "मला तर पट्टी उलटीच आवडायची बाई. मागचं नाव जास्त गोड होतं."

मी विचारलं, "मागचं कसलं नाव?"

कप तसेच हातात. शेवटी सुधीर म्हणाला, "आबा, मागे खालच्या कोपऱ्यात मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. बारीक. नाव, आणि त्याच्याखाली, देवाचा लाडका. मुलींना लाडकी."

"कधीपासून?"

"माझ्या पट्टीपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही रंधा मारला असता."

मारला असता, हे खरं. पण सगळ्या पोरांना माहीत, त्यांच्या आयांनाही माहीत असणार, एकटा मी दाराशी ताठ बसून राहिलो... फळी पोरांच्या उंचीला, मी कधी वाकून पाहिलं नाही. माझा दोस्त आणि माझा मुलगा, दोघांनी मिळून मला फसवलं. मास्तर, तू माझ्याशी भांडायचं होतंस. चाळीस वर्षं माझ्या ताटात जेवलास, तोंडावर नाही सांगता आलं?

दुसऱ्या दिवशी धुळ्याला आलो तो सरळ रंधा घेऊन चर्चच्या खोलीत गेलो. तीन पट्ट्यांच्या पाठी साफ केल्या. चौथी हातात आली ती सुधीरच्या मुलीची, माझ्या नातीची. अक्षर थरथरलेलं होतं. शेवटच्या वर्षी मास्तरचा हात कापायचा, तरी त्याने लिहिलं होतं. मी रंधा खाली ठेवला.

पट्ट्या आधी मास्तर फिरवायचा, तो जळगावला गेल्यावर मोठी पोरं; त्या रविवारी मीच उठलो. एक सात वर्षांची पोर खोटं बोलली, मी तिची फिरवली. ती जवळ गेली, कोपऱ्यात बोट फिरवून शोधत राहिली. मी रंधा मारलेल्या तीन पट्ट्यांतली ती एक. तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, पण ते तोंड मी ओळखलं. जेवणाच्या ताटापुढे बसलेल्या सुधीरचं तोंड होतं ते.

"आबा, माझं नाव कुठे गेलं?"

"पुसलं असेल. आण इकडे."

कानावरची पेन्सिल काढली, जमिनीवर बसलो आणि लिहिलं. नाव, खाली देवाची लाडकी. लिहायला बराच वेळ लागला. तिने निरखून पाहिलं. "हे मास्तरांचं नाही. वाकडं आहे."

"वाचता येतंय ना?"

"येतंय," म्हणाली, आणि खिळ्याला लावून आली. उरलेल्या दोन्हीही मी त्याच दिवशी लिहून टाकल्या.

मास्तरवरचा राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही. पण नाव पुसलं असेल म्हणालो ते खोटं होतं, आणि नियम माझाच आहे. माझी पट्टी उलटी व्हायला हवी. पण माझ्या नावाची पट्टीच नाही, ती करायची राहिली आहे. फळीच्या शेवटी एक खिळा मोकळा आहे.