निपाणीच्या फ्रीजचा अलार्म

"मॅडम, फ्रीज बंद पडलंय. पिशव्या गरम झाल्यात. अलार्म आलाच न्हाय बघा."

निपाणीहून सरिता बोलत होती. आमच्या हॉस्पिटलच्या तिथल्या शाखेत रक्ताच्या पिशव्या ठेवायचा फ्रीज होता आणि सरिता तिथली नवी टेक्निशियन. फ्रीजचं तापमान वाढलं की तिथला सर्व्हर तिच्या मोबाईलवर कॉल करणार, अशी सोय होती.

"तुझा नंबर काल मी स्वतः घातलाय. वाजलाही होता."

"काल वाजलता. आज न्हाय."

तिथल्या ऑपरेशन थिएटरात एक बाळंतीण होती. बिड्या वळणारी, पहिलटकरीण. रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त आणायला कोल्हापूरला गाडी पिटाळली होती.

मी बेळगावात, आयटीची प्रमुख. तेव्हा पन्नाशीची, केस काळेभोर रंगवलेले. गळ्यातलं आयडी कार्ड भाजी आणायला जातानाही काढत नसे. पूर्वी प्रत्येक शाखेच्या सेटिंगसाठी बसनं जावं लागे. ते मी ऑटोमेट केलं होतं. सगळ्या शाखांची सेटिंग बेळगावातल्या एका फाईलमध्ये लिहायची. मग एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, दर अर्ध्या तासानं प्रत्येक सर्व्हर त्या फाईलशी ताडून बघणार, फरक दिसला की फाईलप्रमाणे करून टाकणार. "मध्येच कुणी हात घातला, तरी अर्ध्या तासात सरळ," असं मी मीटिंगमध्ये ऐटीत सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

आदल्या दिवशी मी निपाणीला दुसऱ्याच कामाला गेले होते. सरिता म्हणाली, तेवढा माझा नंबर घाला. फाईल बदलायची तर हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांची मंजुरी लागे. तो नियम माझाच. पण राणीसरकारांना नियम कुठले? सर्व्हरवर हातानंच नंबर घातला, वाजवून दाखवला, चहा घेतला आणि गाडीत बसले. मी संकेश्वरला पोचायच्या आत स्क्रिप्टनं फाईलमधला जुना नंबर परत घातला असणार. तो आधीच्या टेक्निशियनचा, ती नोकरी सोडून गेल्यापासून बंद.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"नंबर कुणी बदलला?"

"मीच."

"आणि परत जुना कुणी घातला?"

"तोही मीच, सर. म्हणजे माझ्या स्क्रिप्टनं."

मग फोन वाजला. ऐकून त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"बाळ वाचलं," म्हणाले. "आई गेली. रक्त घेऊन गाडी कागलपर्यंत आलती."

त्यानंतर सर्व्हरवर हातानं बदल करायची परवानगी मी सगळ्यांकडून काढून घेतली. पहिलं नाव माझं. आणि प्रत्येक शाखेचा अलार्म रोज सकाळी एकदा खराच वाजवायचा, असं ठरवलं. स्क्रिप्ट मात्र तशीच ठेवली. तिला सांगितलं होतं तेच तिनं केलं होतं.

आता माझी नात याच धंद्यात आहे. घरूनच काम करते. "आजी, एवढासा तर बदल," म्हणते.

"फाईलीत लिहिलास काय गं?"

मी दर अर्ध्या तासानं विचारते. म्हातारी खवट झालीय, म्हणते ती. म्हणू दे.