सासरच्या तुतीच्या काड्या

"मुलांना ओरखडणारे काटे नकोत, दगड मारायला फळं नकोत, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात मरायला नको," मोठ्या बाईंनी तीन बोटं मोजली. "असं झाड असेल तर बोला. नाहीतर पुढच्या जुलैत टिनाचा शेड टाकते."

टिनाखाली मुलांचे डबे पुन्हा शिजले असते. पण मला बोलायला तोंड नव्हतं. त्यांच्या शाळेच्या मैदानावर मीच आधी गुलमोहर लावले होते, आणि पहिल्याच वादळात ते आडवे झाले होते. बागा आखणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा.

तरी तुती सांगितली. तुतीत नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. नराला नुसते तुरे लोंबतात, फळ धरत नाही. शिवाय ज्या झाडाची काडी लावाल, तसंच झाड येतं. वलगावला माझ्या सासरी दोन तुती आहेत. एक फळांनी लगडते, दुसरीला कधीच काही धरत नाही. दुसरीच्या साठ काड्या पाठव, असं मेव्हण्याला फोनवर सांगितलं. जावई माणूस, स्वतः कशाला झाडावर चढेल?

काड्या अमरावतीच्या माझ्या नर्सरीत पिशव्यांमध्ये फुटल्या. फेब्रुवारीत बाई रोपं बघायला आल्या. रोपं हातभर, आणि त्यांना लालचुटूक फळं. बाईंनी एक तोडून खाल्लं.

"गोड आहे," म्हणाल्या, आणि पर्स उचलली.

तसाच वलगावला गेलो. मेव्हणा जराही वरमला नाही.

"भाऊजी, जावयाले वांझ झाडाच्या काड्या देऊ काय मी? लोक काय म्हणतीन?"

बायकोनं चूक माझ्याच पदरात टाकली. दिवाळीत सासरहून मिळालेला शर्टपीस पसंत पडला नाही म्हणून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, मग तो बिचारा घाबरणारच. मी पॅन्ट दुमडून त्या वांझ झाडावर चढलो. सासूबाई खालून 'जपून' म्हणत राहिल्या. साठ काड्या स्वतः कापल्या.

बाईंनी शेड थांबवला आणि जुलैत रोपं मैदानात गेली. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि कोवळी मुळं तोडते, म्हणून खड्ड्यांत निम्मा मुरूम घातला.

या एप्रिलमध्ये, जवळपास चार वर्षांनी, तिथे उभा होतो. सावलीत मुलं डबे खात होती. वर काटा नाही, खाली फळ नाही. बाई म्हणाल्या, शेडचं कोटेशन कपाटात तसंच पडलंय. मी उगाच एका खोडावर थाप मारली.

आता झाड मी निवडतो आणि काडीही मीच कापतो. गेल्या दिवाळीचा शर्टपीस पोपटी होता. शिवून घातला.