दार नको, शटर लाव!

आमच्या नव्या इमारतीला मी असा भक्कम दरवाजा बसवला की चोर सोडा, गिऱ्हाईकसुद्धा आत जाऊ शकत नव्हतं.

भुईगावची केळीची वाडी सांभाळून दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) गास गावाच्या रस्त्याला दोन मजली कमर्शियल बिल्डिंग उभी केली. दरवाजे निवडायचं काम माझ्याकडे. का? तर मी मुंबईत नोकरी करतो, म्हणजे मला सगळं कळतं! तळमजला दातांच्या एक डॉक्टरीणबाई भाड्याने घेणार होत्या. सत्यनारायणाच्या दिवशी जागा बघून हो म्हणायचं, तेवढंच बाकी होतं.

"शटर लाव. गॅल्वनाइज्ड घे, खाऱ्या वाऱ्यात टिकतं," दादा म्हणाले.

"दादा, शटर रेशनच्या दुकानाला लावतात!"

नालासोपाऱ्यातल्या एका दुकानात मला तो दिसला. जाडजूड, स्टीलचा, चकचकीत. बाहेरून ना कडी, ना मूठ, ना कुलपाला भोक!

"साहेब, आतून हा दांडा ढकलला की उघडतो. बाहर से कोई हाथ नहीं लगा सकता," दुकानदार म्हणाला. "पण हा मागच्या जिन्याला लावतात, आग लागली तर पळायला..."

पुढचं ऐकतोय कोण? मी ऑर्डर देऊन मोकळा.

मेला दरवाजा आपोआप मिटायचा. म्हणून पूजेच्या दिवशी मी त्याला बाहेरून वाडीतल्या राजेळी केळ्यांच्या घडाचा टेकू दिला. आत दादा एकटेच शिऱ्यावर लक्ष ठेवून बसले होते. गुरुजींनी आम्हा नवरा-बायकोला उंबऱ्यावर नारळ फोडायला बाहेर आणलं आणि एकदम ओरडले, "अहो, देवाचा घड पायाशी? उचला आधी!"

मी उचलला. खाट्!

"ढकला!" गुरुजी म्हणाले.

"ओढा!" बायको म्हणाली.

"कुठे धरून?" मी म्हणालो.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई रिक्षातून उतरल्या. मी घाईघाईने दादांना फोन लावला.

"दादा, दांडा ढकला!"

"आधी सांग, काय लावायला हवं होतं?"

"अहो, मुहूर्त टळतोय!"

"शिरा गरम आहे. मला घाई नाय."

"...शटर."

"मोठ्याने बोल, रेंज नाय."

"शटर! शटर! शटर!" मी भर रस्त्यात बोंबललो. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. संतापाने मी नारळ दरवाज्यावरच आपटला. (नारळ फुटला, दरवाज्याला ओरखडा नाही. मालाला नाव ठेवायला जागा नव्हती!)

डॉक्टरीणबाई दरवाजा न्याहाळत म्हणाल्या, "आत यायला बंदी आणि बाहेर पळायला मोकळीक? माझे पेशंट तसेही पळतातच हो! मला नेमकं उलटं हवंय."

मी मनात म्हटलं, गेला भाडेकरू! पण बाईंनी माझ्या हातातला फोन घेतला. "काका, तुम्ही शटर लावणार ना? मग जागा घेते मी."

दार लगेच उघडलं. दादा हातात शिऱ्याची वाटी घेऊन उभे होते. ती त्यांनी बाईंना दिली, मला नाही.

आता पुढे शटर आहे. दुकानदार दरवाजा परत घेईना, मागच्या जिन्याला माप बसेना, म्हणून दादांनी तो वाडीतल्या गोठ्याला लावलाय. आतून ढकललं की उघडतो, हे आमच्या म्हशीला पहिल्याच दिवशी कळलं. मला त्यासाठी सत्यनारायण घालावा लागला!