फळ्यावरचं शून्य

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर सांगलीला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं, साताऱ्यातलं साताऱ्यातच राहील. तसं झालं नाही. ज्याची माफी मागायची होती, तो माणूस गेल्या थंडीत गेला. आता निदान खरं काय घडलं ते कागदावर तरी असावं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रेस विभागाचा सुपरवायझर होतो. विभागाच्या दाराशी एक काळा फळा होता. वर रंगाने लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूने आकडा. रोज सकाळी मी तो एकाने वाढवायचो. कुणाला लागलं की आकडा पुसून शून्य. एवढं पुष्कळ ठिकाणी असतं. त्यात एक भर माझी. ज्याला लागलं त्यानेच, सगळ्या पाळीसमोर, स्वतःच्या हाताने आकडा पुसायचा आणि शून्य लिहायचं. लाजेपोटी माणूस जपून काम करतो, असं मी वरच्या साहेबांना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं.

पहिली वेळ आली ती पत्र्याने अंगठा कापलेल्या एका वयस्कर कामगारावर. त्याने कोपऱ्यात बारीकसं शून्य काढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठं काढा आबा, लांबनं दिसाय पायजे." सगळे हसले. मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये त्याचं स्वागत "या शून्यशेठ" असं व्हायचं. शेवटी तो डबा घेऊन मशीनपाशीच बसायला लागला.

त्यानंतर अपघात थांबले. म्हणजे फळ्यावर थांबले. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्या संपेनात, आणि माणसं खिशात चिंध्या बाळगू लागली. कुणी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन, घरी विळीवर कापलं म्हणून सांगायचं आणि टाके घालून परत कामावर यायचं. त्या वर्षी कामाचा रेटा फार होता. रजा बंद, जादा पाळ्या. माणसांचे डोळे तारवटलेले असायचे, पण थकलो असं कुणी म्हणायचं नाही. बोलला की तोच आकडा घालवणार, अशा नजरेने बाकीचे बघायचे. हे सगळं मला दिसत होतं. आकडा चढत होता, आणि वर्ष पुरं झालं की विभागाचा सत्कार व्हायचा होता.

वडूजहून रोज पहिल्या एसटीने येणारा एक ऑपरेटर होता. चाळिशीचा, शांत माणूस. त्याच्या प्रेसला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायचा. हात आत राहू नयेत म्हणून ती सोय.

तीनशे बासष्टाव्या दिवशी सकाळी मी त्याच्यापाशी थांबलो. उजव्या हातमोज्याचं एक बोट फुगलेलं दिसलं.

"काय झालं रे?"

"काय न्हाई साहेब. काल जरा चेमटलं."

"मोजा काढ बघू."

मोजा निघेना. त्याने फळ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आवं, तीन दिस तर ऱ्हायल्यात. मी बोलत न्हाई, तुमी बी बोलू नका. वरीस घालवलं म्हणून ही पोरं मला जगू द्यायची न्हाईत."

मी म्हणालो, "तीन दिवस काढ. मग रजा टाक."

त्या बोटाने बटण दाबवेना, म्हणून त्याने उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली. आता एकट्या डाव्या हाताने प्रेस चालत होता. दुपारी, मोज्यावरून चिंधी बांधलेला उजवा हात पत्रा सरळ करताना आत राहिला, आणि सवयीने डाव्याने बटण दाबलं. चार बोटं गेली.

चौकशीत मी लिहून दिलं : कामगाराने सुरक्षेचे बटण स्वतः निकामी केले, निष्काळजीपणामुळे अपघात. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. सकाळचं बोलणं तेवढं मी लिहिलं नाही.

फळ्यावर तीनशे बासष्ट तसंच राहिलं. नियम असा की ज्याला लागलं त्यानेच पुसायचं, आणि तो तर दवाखान्यात. मी पुसू शकलो असतो. रोज त्या फळ्यासमोरून आत जायचो.

अडीच महिन्यांनी तो आला. स्टोअरमध्ये बसायचं हलकं काम दिलं होतं. आत शिरण्याआधी तो फळ्यापाशी थांबला, बाहीने आकडा पुसला आणि डाव्या हाताने खडू उचलला. खडू मोडला. त्याने दुसरा घेतला. शून्याची दोन टोकं जुळली नाहीत. सगळी पाळी उभी होती. या वेळी कुणी हसलं नाही.

"जमलं का साहेब?"

"हो. जा आत."

निवृत्तीनंतर एकदा वडूजला गेलो. एसटीत सगळा वेळ मनात घोकत होतो : तुझं बोट मी पाहिलं होतं. मशीन मीच थांबवायला हवी होती. माफ कर मला. अंगणात तो एका हाताने शेंगा फोडत बसला होता. बायकोने चहा दिला. त्याने सैन्यातल्या मुलाविषयी सांगितलं, मी माझ्या गुडघ्यांविषयी. तासभर बसलो, पण घोकलेलं तोंडातून निघेना. तो मला सोडायला स्टँडपर्यंत आला. मी गाडीत बसलो, तसा त्याने डाव्या हाताने खिडकीचा गज धरला.

"साहेब, येक बोलायचं लय दिस ऱ्हायलंय. तीन दिसासाठी तुमचं वरीस माझ्यापायी गेलं. माफी करा."

गाडी सुरू झाली होती. मी म्हणालो, "असू दे."