रविवारचा लंगोट

"आधी हात घालून बघ, मग बोल," असं लव्हिना ट्रॉयर प्रत्येक नव्या आईला सांगायची. बाळ रडलं की घरातली माणसं पोटदुखीपासून वाऱ्यापर्यंत सगळी कारणं काढत बसत, आणि लव्हिना तेवढ्यात लंगोटात बोट घालून मोकळी होई. पाजून झालं की बघायचं, झोपेतून उठलं की बघायचं, यातलं काही घडलं नाही तरी दोन-तीन तासांनी बघायचंच. तिचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

अमेरिकेतल्या ओहायोच्या टेकड्यांमध्ये, घरात वीज, फोन, मोटार न ठेवता जुन्या रीतीने राहणाऱ्या अमिश लोकांच्या घरी मूल जन्मलं की कामाला एखादी पोर येऊन राहते. लग्न झालं की पोर ते काम सोडते. लव्हिनाचं लग्न झालं नाही आणि काम सुटलं नाही. पंचेचाळिशी उलटली, तरी कापडी पिशवीत दोन झगे आणि एक टोपी घालून ती या बाळंतिणीकडून त्या बाळंतिणीकडे जात राहिली. स्वतःच्या खाटेवर पाठ टेकायला तिला महिनोन् महिने मिळत नसे.

त्या वसंतात जुळ्यांच्या घरून ती सरळ युट्झींकडे आली, ती आधीच पिळून वाळत घातल्यासारखी. सलोमा युट्झीचं हे पहिलंच बाळंतपण. बुधवारी मुलगा झाला, त्याचं नाव एमरी ठेवलं. शनिवारी लव्हिनाला कंबर सरळ करता येईना, तेव्हा सलोमाची सासू फॅनी म्हणाली, "जा, पड जरा वर जाऊन. आजचा दिवस मी बघते. मी आठ वाढवलीत." लव्हिनाने हो-ना केलं नाही. ती पडली ती रविवारी ऊन खिडकीत आल्यावरच उठली.

सलोमाचा नवरा मालन घोडागाडी घेऊन शेजारच्या वाडीवर प्रार्थनेला गेला होता. खाली चुलीवर पुदिन्याचा चहा उकळत होता. लव्हिनाची नजर फळीवर गेली. धुतलेल्या लंगोटांची चळत तिने ठेवली होती जवळजवळ तशीच होती, आणि खालची बादली रिकामी म्हणावी अशी.

"एवढेच?" तिने विचारलं.

"गुणाचं आहे गं लेकरू," फॅनी कौतुकाने म्हणाली. "आज रविवार, कामं बंद, धुणं उद्या, हे ओळखूनच जन्माला आलंय. काल संध्याकाळपासून एकच बदलला बघ."

सलोमा खाटेवरून हसली. "आणि झोपतो किती! पाजायला घेतलं तरी डोळे उघडत नाही. मालन म्हणतो, बापाच्या आळसावर गेलाय."

"तो एक ओला होता का?"

"तसा कोरडाच. पिनेचा गंज लागला होता, तेवढा डाग."

लव्हिनाने बादलीतून तो लंगोट काढून उजेडात धरला. डाग विटकरी होता आणि कापडाच्या मधोमध होता. पिना तर कमरेशी लावतात. तिने बाळाच्या लंगोटात बोट घातलं. आतलं कापड इस्त्री केल्यासारखं कोरडं आणि ऊन. ओठ सुकलेले, गालांवर पिवळसर झाक.

"हा गंज नाही. शू आटली की असा डाग पडतो. याच्या पोटात दूध जात नाहीये," ती म्हणाली. "फॅनी, कोपऱ्यावरच्या फोनच्या खोलीत जा आणि सुईणीला बोलाव."

"अगं, झोपलंय ते सुखाने! तुला मूल ना बाळ, तू मला..." फॅनीने जीभ आवरली.

"नाही मला. म्हणून तर कौतुक आड येत नाही. जा लवकर."

फॅनी शालीचं टोक सावरत निघाली. लव्हिनाने बाळाला उघडं केलं, तळपाय चोळले, ओल्या फडक्याने मान पुसली. सलोमाच्या डोळ्यांना धार लागली. "मी उपाशी ठेवलं गं त्याला."

"रडायला नंतर वेळ काढ. आता दूध पिळ, चमचा मी धरते."

थेंब थेंब दूध चमच्यात आलं, थेंब थेंब ओठांतून गेलं. सुईण आली. झोळीत घालून तिने बाळाला वजनकाट्याला लावलं आणि तिचं तोंड बारीक झालं. "पाजत राहा, झोपू देऊ नका. माझं एक बाळंतपण अडलंय, तिथे जाऊन येते. परत येईपर्यंत लंगोट भिजला नाही तर दवाखान्यात न्यायचं. भाड्याच्या मोटारवाल्याला सांगून ठेवते."

दुपार सरकेना. लव्हिना पाजायला उठवी, चमचा धरी, बोट घालून बघे. कोरडा. पुन्हा बघे. कोरडाच. तिच्या कमरेत कळ येत होती, पण बसलं तर झोप लागेल या धास्तीने ती उभीच राहिली. फॅनी दाराशी उभी होती. तिला आत यायचा धीर होईना. प्रार्थना सुटून रस्त्यावरून गाड्या परतू लागल्या, घोड्यांच्या टापा वाजत गेल्या. मालन आत आला आणि सगळ्यांचे चेहरे बघून टोपी हातात घेऊन तसाच थांबला.

आणि मग बोटाला ओल लागली.

लव्हिनाने लंगोट सोडला आणि फॅनीच्या हातात दिला. फॅनीने तो बादलीत टाकला नाही. ओलं कापड दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "काल मी बघायला हवं होतं."

"काल मी झोपले होते," लव्हिना म्हणाली, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

सुईण आली तोवर दुसराही भिजला होता. दवाखाना टळला.

पुढे आठवडे गेले. एमरी असा भिजवू लागला की सलोमा वैतागायची, "आत्ता तर बदलला होता रे, गाढवा!" आणि तरी बदलायची. लव्हिनाला पलीकडच्या खोऱ्यातून बोलावणं आलं. मालनने गाडी जोडायला काढली, तर ती नको म्हणाली. दोन घरांच्या मधला तो रस्ताच काय तो तिचा होता, तिथे कुणी तिला हाक मारत नसे. पिशवी या हातातून त्या हातात घेत ती चढण चढू लागली. सलोमा आत बाळाला पाजत होती. मालन तबेल्याकडे वळला. कुंपणाशी फॅनी एकटीच उभी होती. काळी टोपी टेकडीपलीकडे उतरेपर्यंत ती बघत राहिली.