पूजेआधी पाणी नाही

कसरत मास्तरची सरकारी नोकरी मी तांब्याभर पाण्यापायी घालवली. निजामाच्या अमदानीत तेव्हा परभणीला उमेदवारांना आधी मैदानावर पळवत आणि लगेच उर्दू इमला, म्हणजे श्रुतलेखन, घेत. माझं उर्दू पक्कं होतं आणि पायही. आमच्या घरातला मी पहिला सरकारी नोकर होणार, असं सगळे धरूनच चालले होते.

ताडकळसहून पहाटे बैलगाडीने निघालो. परभणीत मावशीकडे आंघोळ, पूजा उरकून मैदानावर जायचं ठरलं होतं. वाटेत गाडीचा आस मोडला. उरलेली वाट उन्हात तुडवत थेट मैदान गाठलं, तर नावं पुकारणं सुरू झालेलं. आम्ही लिंगायत. आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा वडिलांनी लावलेला नेम. आंघोळच नाही, तर पूजा कुठली आणि पाणी कुठलं!

चपराशाने रांजणाकडे बोट दाखवलं. "पानी पी लो मियाँ, धूप बहुत है." मी मोठा शहाणा, हात जोडून नको म्हणालो.

पळण्यात पहिला आलो, पण अंगातलं होतं नव्हतं ते तिथेच सरलं. जीभ टाळूला चिकटली, डोकं ठणकू लागलं. इमला सुरू झाला. साहेबांचे शब्द ऐकू येत होते, ओळखीचेही होते, पण कागदावर उतरेनात. एक लिहीपर्यंत चार पुढे जात. वर वल्दियतीच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहायचं होतं. तेही आठवेना. स्वतःच्या बापाचं नाव! लेखणी धरून नुसता बसून राहिलो. इतकं असहाय मला पुन्हा कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. वडील ओसरीवर बसले होते. नोकरी गेल्याचं सांगितलं आणि वर म्हणालो, "पर नेम मोडला न्हाई. पूजेआधी पाणी पिलो न्हाई."

वडिलांनी कपाळावर हात मारला.

"आरं येड्या, वाटेत कशाची आंघोळ? भस्म लावायचं, लिंग तळहातावर घ्यायचं, नमस्कार करायचा अन् पाणी प्यायचं. परगावी मी तसंच करत आलोय."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?"

राग मस्तकात गेला, पण खरंच विचारलं नव्हतं. आमच्या घरात वडिलांना काही विचारायची कुणाची छातीच नव्हती.