शैलाच्या केकला तेलच लागायचं

शैला गेल्याची बातमी आली तेव्हा माझे हात बटरने माखलेले होते. समोरच्या दारातून तिच्या मिस्टरांनी हाक मारली आणि मी तशीच धावले. परत आले तेव्हा कडीवर माझी पाचही बोटं बटरची उमटलेली... शैला असती तर म्हणाली असती, "एवढं बटर फुकट गेलं गो, वंदना."

मुलुंडच्या त्या मजल्यावर आम्ही दोघी लग्न होऊन आल्यापासून समोरासमोर. शैला मालवणची. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायची आणि वर एका पोचे आलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात केक करायची. तेलाचा. तो अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाजायचा. माझ्याकडे ओव्हन आला तेव्हा वाटलं, संपली हिची सद्दी. कृती तिचीच घेतली. तिने काही न लपवता दिली, याचाही मला रागच. फक्त तेलाऐवजी तेवढंच बटर वितळवून घातलं. जिन्यात असा वास दरवळला की मी राणीसारखी दार उघडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून केक काढला, तर सुरी वाकेल इतका घट्ट. शैलाचा मात्र थंडगार असूनही मऊसूत. तिने गोड आवाजात समजावलंही, की बटर थंडीत गोठतं, तेल तसं गोठत नाही. शिवाय बटरमध्ये पाणी असतं, म्हणून वाटीला वाटी घेऊन भागत नाही, थोडं जास्त घ्यावं. घेतलं. गरमागरम केक झकास झाला. तरी माझ्या मुग्धाने वाढदिवसाला मागितला तो शैलामावशीचाच. पोटच्या पोरीने! त्या दिवशी मी शैलाच्या केकचे चार तुकडे खाल्ले, निव्वळ रागाने.

शैलाचं दुखणं वाढल्यावर एकदा मी माझा गरम केक घेऊन तिच्याकडे गेले. तिने सावकाश खाल्ला. म्हणाली, "चांगला झालाय. पण मी कुणासाठी बटर घालू? तुझ्याकडे गरम असतानाच फस्त व्हायचा. माझी पोरं परदेशात, आम्ही दोघं आठवडाभर फ्रिजमधला खातो." मग उरलेला चुरा बोटाने टिपत, "शेवटच्या तुकड्यावरून तुमच्याकडे भांडणं व्हायची ना, ती इथे ऐकू यायची. जळायचे गो मी."

शैला माझ्यावर जळायची! मी अक्षरशः तरंगत घरी आले. कुलूप उघडलं तर आत सगळं शांत. मुग्धा लग्न होऊन बंगळुरूला गेली, तेव्हापासून आमच्याकडेही केक उरतोच.

तेराव्याला सगळ्या बायका डोळे पुसत तिच्या केकबद्दलच बोलत होत्या, आणि मला तिथेही हेवा वाटला. मग तिच्या मिस्टरांनी तो पोचे आलेला डबा माझ्या हातात दिला. तिनेच सांगून ठेवलं होतं म्हणे. परवा त्यात केक केला, बटरचाच, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून त्यांना नेऊन दिला. ते बराच वेळ चावत राहिले.

"तिचा मऊ असायचा," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. शेजारी तेलाची बाटली आहे. तेल घातलं की ती जिंकली... मी अजून बाटलीला हात लावलेला नाही.